इतिवृत्तातील सत्तेचाळीस ‘अं’

लंडनच्या उपनगरातील आमच्या इमारतीच्या रहिवासी समितीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, ते मी पहिल्या सभेला वेळेवर पोहोचलो एवढ्याच अपराधामुळे. गेल्या मंगळवारी त्याच इतिवृत्तापायी मला सर्वांसमक्ष माफी मागावी लागली, आणि ती मी अजूनही रोज मनातल्या मनात परत घेत असतो.

विषय कचऱ्याच्या डब्यांचा होता. तो येथेच सोडतो. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त लेखापाल त्यावर वीस मिनिटे बोलले आणि खाली बसता बसता मला बजावून म्हणाले, “हे सगळे व्हर्बेटिम नोंदवा. वर्ड फॉर वर्ड. टु द लेटर.” एकाच गोष्टीसाठी एका दमात तीन शब्दप्रयोग ऐकल्यावर, ज्याचे सारे शालेय शिक्षण मक्षिकास्थाने मक्षिका चिकटवण्यात गेले त्या माझ्यासारख्या माणसाला स्फुरण चढले नसते तरच नवल. सभेचे ध्वनिमुद्रण सर्वांच्या संमतीने झालेले होतेच. दोन रात्री कानाला यंत्र लावून मी गृहस्थांचे भाषण उतरवले, त्यातील सत्तेचाळीस ‘अं’ आणि एकोणीस ‘यू नो’ यांच्यासह; आणि “मी कुणाचे नाव घेत नाही, पण पहिला मजला...” हे अर्धवट सोडलेले वाक्यही तीन टिंबे देऊन जसेच्या तसे ठेवले.

मंगळवारी गृहस्थांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

“हे मी बोललेलो नाही.”

“ध्वनिमुद्रण आहे,” मी म्हणालो.

“बोललो असेन, पण इन सो मेनी वर्ड्स नाही.”

येथे माझा घात झाला. या वाक्प्रचाराचा अर्थ ‘पुष्कळ शब्द खर्चून’ असा असावा, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. वास्तविक लॅटिनमधील ‘तोतिदेम व्हर्बिस’, म्हणजे ‘नेमक्या तितक्याच शब्दांत’, हा त्याचा पूर्वज आहे. ‘नॉट इन सो मेनी वर्ड्स’ असे इंग्रज म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘म्हणालो तेच, पण त्या शब्दांत नव्हे’ असा असतो. मला हे ठाऊक नसल्यामुळे मी बोटांवर मोजून सांगितले, “पहिल्या मजल्याबद्दलचे तुमचे वाक्य आठ शब्दांचे आहे.” खोलीत अशी शांतता पसरली की बिस्किटाचा तुकडा चहात पडलेला ऐकू आला. मग, लहान मुलाला समजवावे तसे ते म्हणाले, “व्हर्बेटिम म्हणालो तेव्हा मला व्हर्बेटिम म्हणायचे नव्हते, हे उघड होते. हॅन्सार्डसुद्धा तसे करीत नाही.”

चीड याची की गृहस्थांचे खरे होते. ब्रिटिश संसदेने १९०९ पासून स्वतःच्या माणसांकरवी लिहवून घेतलेल्या ‘हॅन्सार्ड’ या संसदेतील भाषणांच्या अहवालाची व्याख्याच मुळी अशी आहे की तो काटेकोरपणे शब्दशः नसतो, पण ‘मुख्यतः शब्दशः’ असतो: पुनरुक्ती आणि फापटपसारा गाळायचा, उघड चुका दुरुस्त करायच्या, मात्र अर्थात भर घालणारे काही सोडायचे नाही. ‘मुख्यतः शब्दशः’ म्हणजे मुख्यतः गरोदर! अर्थात आपणही ‘अक्षरशः मेलो’ असे सांगत दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर होतो, त्यामुळे मी फार ताणत नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरील विद्यार्थिनी उठली आणि गृहस्थांकडे बोट दाखवून सांगू लागली, “ही वॉज लाइक, त्या बाईमुळे सगळी इमारत नासली.” हे वाक्य गृहस्थ कधीच बोलले नव्हते. पण ‘लाइक’ मागे लावले की दुसऱ्याच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालण्याची मुभा मिळते, आणि ते अवतरण आहे की अभिनय आहे, असे कोणी विचारीत नाही. भाषाशास्त्रज्ञांनी या ‘लाइक’ची दखल १९८२ सालीच घेतली, आमच्या समितीने अद्याप घेतलेली नाही. सभेने माना डोलावल्या. तिचे कल्पित वाक्य चालले, माझे ध्वनिमुद्रित वाक्य मात्र असभ्य ठरले.

आणि या मंडळींची स्मरणशक्ती काही अधू नाही. तीन वर्षांपूर्वी नळ गळत असताना मी या गृहस्थांना ‘डू वन थिंग, मुख्य नळ बंद करा’ असे सांगितले होते. ‘एक काम करा’ याचे ते माझे भाबडे इंग्रजी आजही दर नाताळच्या मेजवानीत, माझ्या उच्चारासकट, गृहस्थ सर्वांना ऐकवतात. पोपटासारख्या पाठांतराला इंग्रजीत ‘पॅरट फॅशन’ म्हणतात, आणि मुखोद्गत असण्याला ‘वर्ड परफेक्ट’. अटलांटिकपलीकडे तेच ‘लेटर परफेक्ट’ होते. माझे ते वाक्य गृहस्थांना दोन्ही किनाऱ्यांच्या मापाने येते. त्यात त्यांनी एकही शब्द कधी गाळलेला नाही, आणि मीही दर वर्षी हसतो.

असो. माफी मागून झाली. त्या रात्री मी वीस मिनिटांच्या भाषणाचे एक वाक्य केले: ‘कचऱ्याबाबत चिंता व्यक्त करण्यात आली.’ पहिल्या मजल्यावरील बाईंच्या प्रत्युत्तरापुढे फक्त ‘डिट्टो’ लिहिले, कारण इटलीतून आलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘म्हटलेले’ एवढाच आहे आणि त्यावर कोणाला हरकत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात गृहस्थांनी तो कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगदी हेच म्हणालो होतो मी, वर्ड फॉर वर्ड. फक्त ‘चिंता’च्या आधी ‘तीव्र’ घाला.”

मी घातले.