‘सापडेल त्याचे तीन-चतुर्थांश तुमचे’: अर्ध्या कायद्याचा संदेश

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश आला आणि दोनच दिवसांत इंदुरातल्या ओळखीच्या इतर गटांवरूनही तोच फिरत परत आला. मेटल डिटेक्टर घ्या, सुटीच्या दिवशी माळव्यातल्या जुन्या गढ्यांच्या आसपास हिंडा, यंत्र वीस फूट खोलवरचे नाणे दाखवते, कायद्याने तीन-चतुर्थांश वाटा तुमचाच, इंग्लंडात तर लोक यावर श्रीमंत झाले, आणि १८१८ चे रामदरबाराचे नाणे हाती लागले की जन्माची ददात मिटली, असा त्याचा मथितार्थ. मी तो वाचून सोडून दिला असता. परंतु ‘मामा, आठ हजारांत यंत्र मिळतं, निम्मे तुम्ही द्या’ असे भाचा म्हणू लागला, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा तीन-चतुर्थांशाचा आहे, कारण तो सर्वस्वी खोटा नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमात, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनाच्या कायद्यात, दोघांमध्ये वेगळा करार नसेल तर तीन वाटे शोधणाऱ्याला आणि एक वाटा जमीनमालकाला, असे खरोखरच लिहिले आहे. संदेश लिहिणाऱ्याने तेवढेच वाक्य उचलले आणि आजूबाजूची कलमे गाळली. कलम ४ सांगते की जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख कलेक्टरांना लेखी कळवायची आणि ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. दहा रुपये हा आकडा १८७८ चा. आज होळकरशाही रुपयातली नुसती चांदीच त्याच्या कितीतरी पट भरते. पुढे जाहीर सूचना, हक्कदारांना निदान चार महिन्यांची मुदत, मग चौकशी. हे सगळे सुरळीत पार पडले तरी कलम १६ प्रमाणे कलेक्टर तो ठेवा सरकारसाठी घेऊ शकतात, आणि त्याचा मोबदला ठरतो धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश इतका. म्हणजे शिवलिंग आणि बेलपान असलेला महेश्वर टांकसाळीचा रुपया मिळाला, तरी हिशेब चांदीच्या वजनाने. आणि कळवलेच नाही, तर वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ‘छंद’ या शब्दाखाली भाच्याला कुठे पाठवले जात आहे, हे त्या संदेशात कुठेही नाही.

जागा म्हणून ‘जुन्या गढ्या’ सुचवल्या आहेत, ही तर कमाल आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. आणि संरक्षण नसलेले शेत कुणाच्या तरी मालकीचे असतेच. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगली नाणी शोधायला लोटले, ते एका हिंदी चित्रपटानंतर उठलेल्या अफवेमुळे. बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, एवढे त्यात खरे होते. खड्डे मात्र शेतकऱ्याच्या रानात पडले.

वीस फुटांच्या दाव्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. हाती धरायचे साधे यंत्र एकटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंत ओळखते, आणि बेसॉल्टापासून झालेल्या आपल्या काळ्या मातीतली लोहखनिजे त्यातही गोंधळ घालतात. खिळे आणि बाटल्यांची झाकणे मात्र भरपूर मिळतील.

इंग्लंडचे उदाहरण अधिक विचार करण्याजोगे आहे, कारण तेच या संदेशाच्या विरोधात जाते. तिथे जमीनमालकाची परवानगी लागते आणि १९९६ च्या कायद्याने ‘ठेवा’ ठरणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. २०१० मध्ये सॉमरसेटमधील फ्रोम येथे एका छंदिष्टाला रोमन नाण्यांचा मोठा रांजण लागला. त्यात ५२,५०३ नाणी निघाली. रांजणाचे तोंड दिसताच त्या माणसाने हात थांबवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी थराथराने नाणी काढली, तेव्हा सर्वांत अलीकडची नाणी बरीच खाली निघाली; यावरून रांजण वर्षानुवर्षे हळूहळू नव्हे, तर एकाच वेळी भरला गेला, हे कळले. फावड्याने उपसून पोत्यात भरली असती, तर नाणी तेवढीच राहिली असती आणि ही माहिती कायमची गेली असती. आपल्याकडे एखाद्या गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, वर्षांनुवर्षे साचलेल्या थरांचे असेच असते.

राहिले १८१८ चे नाणे. ईस्ट इंडिया कंपनीने नाण्यांवर देवांच्या प्रतिमा कधीच छापल्या नाहीत, असे उत्तर काही जण देतात. तेही बरोबर नाही, कारण मद्रासेकडे कंपनीच्या सोन्याच्या होनांवर विष्णूची आकृती असे. पण ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ असे कोरलेली रामदरबाराची ‘नाणी’ म्हणजे पुढे श्रद्धाळूंसाठी पाडलेले टाक आहेत. जुन्या नाण्यांच्या नावाने आधी ‘शुल्क’ मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचे आवाहन रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच केले होते. आमच्या देवघरात असा एक टाक आहे. आजीने तो कुठल्याशा यात्रेतून आणला होता. भाच्याने त्याचा फोटो काढून ठेवला आहे. सराफ्यात नेला, तर त्याचे पितळेच्या भावाने पैसे येतील, एवढे मी त्याला सांगितले आहे.