‘मी तिथे होतो’ म्हणता यावं म्हणून

बॉस्टनच्या पश्चिमेला वीसेक मैलांवर आमचं गाव आहे. जानेवारीत इथे बेसबॉल नसतो, मैदानं बर्फाखाली गेलेली असतात. पण याच दिवसांत जुने शौकीन जमून पाहिलेल्या सामन्यांच्या गप्पा मारतात. पूर्वी अशा गप्पा दुकानातल्या पेटत्या शेगडीभोवती रंगायच्या, म्हणून त्यांना ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. यंदा गावच्या वाचनालयात अशी बैठक होती आणि मी गेले होते. अट एकच होती: टीव्हीवर पाहिलेला सामना सांगायचा नाही, स्वतः जाऊन पाहिलेलाच सांगायचा.

ऐंशीच्या घरातल्या एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून १९७५ चं स्कोअरकार्ड घेऊन आल्या होत्या. इथे बरेच जण पेन्सिलीने स्वतःच धावफलक मांडतात, प्रत्येक खेळाडूच्या चौकटीत छोट्या खुणा करून. हे कार्ड त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या हातचं होतं. २१ ऑक्टोबर १९७५, बॉस्टनचं फेनवे पार्क मैदान, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या सात सामन्यांच्या सिरीजचा सहावा सामना, बॉस्टनचे रेड सॉक्स विरुद्ध सिनसिनाटीचे रेड्स. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा, बरोबरी राहिली तर पुढे चालतो. आठव्या इनिंगमध्ये रेड सॉक्स तीन धावांनी मागे असताना त्यांच्या बर्नी कार्बोने होम रन मारून, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत धाडून, बरोबरी केली. त्या चौकटीत पेन्सिल इतकी जोरात ओढलेली की कागद फाटलाय. त्यानंतरच्या चौकटी कोऱ्या. सगळ्यात खाली फक्त वेळ लिहिली आहे: १२:३४. मध्यरात्र उलटून गेल्यावर, बाराव्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कचा फटका डावीकडच्या फाउल पोलवर, म्हणजे मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबावर आदळला आणि सामना जिंकला, त्या क्षणाची. पुढच्या रात्री सातवा सामना रेड सॉक्स हरले आणि सिरीजही गेली. बाईंनी त्या पराभवाचा उल्लेखसुद्धा केला नाही.

मग शाळेच्या बसवर चालक असलेले एक गृहस्थ उठले. त्यांची रात्र १७ ऑक्टोबर २००४ ची, रविवारची. वर्ल्ड सिरीजमध्ये कोण जाणार हे ठरवणाऱ्या सात सामन्यांच्या सिरीजचे पहिले तिन्ही सामने न्यूयॉर्कच्या यांकीजनी जिंकले होते, आदल्या रात्रीचा तर १९–८ असा. पहिले तीन सामने गमावून अशी सिरीज जिंकणं अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तोवर कोणालाच जमलं नव्हतं. नवव्या इनिंगमध्ये रेड सॉक्स एका धावेने मागे, समोर यांकीजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मारियानो रिव्हेरा. सकाळी शाळा म्हणून मुलाला घेऊन निघावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. तेवढ्यात रेड सॉक्सचा बदली धावपटू म्हणून डेव्ह रॉबर्ट्स पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर आला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता तिकडे धावणार, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. रिव्हेराने त्याला रोखायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. तरीही रॉबर्ट्स पळाला आणि पोचला. पुढच्याच फटक्यावर बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने सामना संपला तेव्हा रात्रीचा १ वाजून २२ मिनिटं झाली होती. रेड सॉक्सनी ती सिरीज जिंकली आणि त्या महिन्यातच ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. गृहस्थ हे सांगत होते तेव्हा मुलगा शेजारीच बसला होता. आता त्यालाही मुलं आहेत.

पण त्या संध्याकाळी सर्वाधिक आठवणी निघाल्या त्या साध्या सामन्यांच्या. मंगळवारची रात्र, काहीच पणाला लागलेलं नाही, संघ हरला, पण आजोबांनी पहिल्यांदा हॉट डॉग खायला घातला. कोणाच्या भावाने उडत आलेला चेंडू उघड्या हाताने झेलला आणि बोट मोडून घेतलं. एकीला त्या सामन्यातला पिचर आठवत नव्हता, आपली खुर्ची खांबामागे होती एवढं पक्कं आठवत होतं.

घरी आले तर डोंबिवलीहून दादाचा लांबलचक मेसेज येऊन पडला होता. मुंबईजवळ एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम व्हायला हवं, ही चर्चा आपल्याकडे गेली काही वर्षं चालू आहे आणि दादा तिच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, वानखेडेवर जेमतेम ३३ हजार माणसं बसतात, मग सामान्य माणसाला तिकीट मिळणार कसं? मोठं बांधा, प्रश्न सुटेल.

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते मला इथे राहून उमगलं. फेनवे पार्क, जिथल्या या सगळ्या आठवणी, ते १९१२ मध्ये सुरू झालं आणि आजही तिथे ३८ हजारांहून कमीच माणसं मावतात. म्हणजे वानखेडेपेक्षा फार मोठं नाही. १९९९ मध्ये तेव्हाच्या व्यवस्थापनाने हे मैदान पाडून शेजारी नवं, मोठं बांधायचा घाट घातला होता. लोकांनी संघटित होऊन विरोध केला. २००२ मध्ये नवे मालक आले आणि त्यांनी जुनंच दुरुस्त करायचं ठरवलं. डाव्या बाजूच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवर, ग्रीन मॉन्स्टरवर, २००३ मध्ये खुर्च्या बसवल्या. मुख्य फरक वेगळाच आहे: एका मोसमात फेनवेवर ८१ सामने होतात. आज नाही तर पुढच्या आठवड्यात, यंदा नाही तर पुढच्या वर्षी, पोराला नेता येतं. वानखेडेवर आयपीएलचे सातेक सामने आणि कधीमधी एखादा आंतरराष्ट्रीय. तेवढ्यासाठी अख्खी मुंबई रांगेत उभी.

आणि वानखेडेचा जन्मच तिकिटांच्या भांडणातून झालाय, हे दादा विसरतो. क्रिकेट क्लबच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर कोणाला किती जागा द्यायच्या यावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं फाटलं, म्हणून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. बाबा त्या सामन्याला एक दिवस होते, नेमका वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकाचा. अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका मुलाला पोलिसांनी मारलं, लोक भडकले आणि चहापानानंतरचा खेळ झालाच नाही. लॉइड नाबाद २४२ वर पोचला हे बाबा ओझरतं सांगतात. शेजारच्या अनोळखी माणसाने अर्धं मोसंबं सोलून दिलं होतं आणि गडबडीत त्याचा हात धरून दोघं जिन्यावरून उतरले, ते मात्र दरवेळी तपशिलात सांगतात.

त्यानंतर बाबा पुन्हा कधी वानखेडेवर गेले नाहीत. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याला मी अकरा वर्षांची होते. ओळखीतल्या एका क्लबाच्या सभासदाने दोन तिकिटं देतो म्हणून सांगितलं होतं. आदल्या रात्रीपर्यंत आम्ही वाट पाहिली. इंग्लंडच्या गूचने स्वीप मारून मारून आपल्याला हरवलं ते मी घरच्या टीव्हीवर पाहिलं, डबा तयार होता तो तसाच जेवलो. २०११ च्या अंतिम सामन्याची तर गोष्टच वेगळी. जवळपास ३३ हजार जागांपैकी सर्वसामान्यांना विकायला सुमारे चार हजारच ठेवल्या होत्या. बहुतेक बाकीच्या संलग्न क्लब आणि आयसीसीकडे गेल्या. हेच गणित कायम राहिलं तर एक लाख खुर्च्या बांधूनही सामान्य माणूस बाहेरच राहील. आधी वाटप बदला, मग सिमेंट ओता.

इथे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. फेनवेची तिकिटं महाग आहेत, चौघांच्या कुटुंबाला विचार करूनच जावं लागतं. आणि रेड सॉक्स हा कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेणारा सगळ्यात शेवटचा संघ, १९५९ मध्ये पम्प्सी ग्रीन आला तेव्हा. मे २०१७ मध्ये बाल्टिमोर संघाच्या कृष्णवर्णीय ॲडम जोन्सला याच मैदानात वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांनी उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तेही खरं. वाचनालयातल्या त्या खोलीत सावळा चेहरा माझा एकटीचाच होता. ‘मी तिथे होतो’ असं इथेही सगळ्यांना सारखं म्हणता आलेलं नाही.

फेनवेच्या उजव्या बाजूला हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची आहे. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होम रन तिथे, ऑल्बनीहून आलेल्या एका बांधकाम अभियंत्याच्या गवती हॅटवर पडला. धोनीचा २०११ चा षटकार पडला ती जागाही वानखेडेवर जपली आहे, याचा मला आनंद आहे. तशीच एखादी खुर्ची नुसत्या प्रेक्षकाच्या नावाने असावी, असं फार वाटतं.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ यांच्यात रणजीची अंतिम लढत झाली, मुंबईने ४२ वं विजेतेपद मिळवलं. मी इथून मोबाइलवर पाहत होते आणि बरेचसे स्टँड रिकामे दिसत होते. त्या खुर्च्या कोणी अडवलेल्या नव्हत्या. शाळांना कळवलं असतं, प्यायचं पाणी आणि सावली दिली असती, मुलांच्या हातात कोरं स्कोअरकार्ड आणि पेन्सिल ठेवली असती, तर आज पाच-दहा हजार मुंबईकर पोरांकडे सांगायला एक सामना असता.

दादा, तुझी ईशा आता नऊ वर्षांची झाली. पुढच्या हिवाळ्यात मुंबईचा घरचा रणजी सामना असेल तेव्हा तिला एक दिवस शाळा बुडवून ने, बाबांनाही बरोबर घे. डबा आत नेऊ देतात का, ते तेवढं आधी विचारून ठेव.