सकलातवालांची संसदेतली भाषणे वाया गेली का?

लालबागच्या नाक्यावरच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो वकीलसाहेबांमुळे. ब्रिटिश संसदेत एकटा कम्युनिस्ट खासदार भारतासाठी काय साधणार होता, असे त्यांनी विचारले. विषय होता शापुरजी सकलातवालांचा. मुंबईत १८७४ मध्ये जन्मलेले हे जमशेटजी टाटांचे भाचे १९२२ मध्ये लंडनच्या उत्तर बॅटर्सीतून मजूर पक्षाच्या पाठिंब्याने निवडून आले, १९२३ मध्ये पडले आणि १९२४ ते १९२९ या काळात कम्युनिस्ट म्हणून पुन्हा सभागृहात बसले.

वकीलसाहेबांचे म्हणणे असे की, त्यांच्याआधी संसदेत गेलेले दादाभाई नौरोजी लिबरल पक्षात राहिले म्हणून त्यांना भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर बसून आकडे मांडता आले, तर सकलातवालांच्या बाजूने मतदानाला कोणी उभेच राहत नव्हते.

"पण सायमन आयोगाच्या वेळी काय झाले ते आठवा," कट्ट्यावरचे आमचे सर म्हणाले. नोव्हेंबर १९२७ मध्ये एकही भारतीय नसलेल्या त्या सात जणांच्या आयोगाची चर्चा झाली, तेव्हा मजूर पक्षाने स्वतःचे दोन सदस्य देऊ केले होते आणि त्यांतले एक क्लेमंट ॲटली होते. ज्यांच्याकडून विरोधाची अपेक्षा करायची तेच आत बसल्यावर, तो आयोग लादण्याचा अधिकारच तुम्हाला नाही, हे सभागृहात सांगायला सकलातवाला उरले होते.

मला मात्र त्यांचा खरा वाटा डंडीच्या प्रश्नात दिसतो. स्कॉटलंडमधल्या या शहराचा तागाचा धंदा बसत चालला होता, कारण ब्रिटिश भांडवल हुगळीकाठच्या गिरण्यांत कितीतरी कमी मजुरीवर तोच माल काढत होते. म्हणून बंगालच्या कामगाराची मजुरी वाढणे हे डंडीच्या कामगाराच्याच पोटाशी जोडलेले आहे, असे सकलातवाला सांगत. दादाभाईंनी ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीला साद घातली होती. सकलातवालांनी दयाही मागितली नाही आणि न्यायही मागितला नाही. त्यांनी ब्रिटिश कामगाराला त्याचा स्वतःचा हिशेब दाखवला. आमच्यातल्या एकाचे आजोबा १९२८ च्या गिरणी संपात एप्रिल ते ऑक्टोबर घरी बसले होते. तो म्हणाला, "आमच्या चाळीची गोष्ट तिथे दरबारी भाषेत नव्हे, मजुरीच्या भाषेत पोहोचली, हे मला मोठे वाटते."

मजूर पक्षापासून तुटल्याची किंमत त्यांनी मोजली, हे मी नाकारत नाही. १९२९ मध्ये बॅटर्सीने त्यांना पाडले. तरी मी वकीलसाहेबांना विचारले की, १९२७ च्या भारत दौऱ्यानंतर सरकारने या निरुपयोगी माणसाला भारतात पुन्हा पाऊल का ठेवू दिले नाही?

"ती भीती इथल्या सभांची होती, संसदेतल्या भाषणांची नव्हे," वकीलसाहेब लगेच उत्तरले.

"दोन्हीकडे माणूस एकच होता आणि बोलणेही एकच होते," सर म्हणाले. वकीलसाहेबांनी मान हलवली नाही, पण त्यांनी विषयही बदलला नाही. १९२७ च्या त्या चर्चेचा वृत्तांत पुढच्या रविवारी वाचायचा, असे त्यांनीच सुचवले.