वचन हजारांचे, व्हिसा लाखांचे

‘सरकारला स्थलांतर रोखता आले नाही’ हे वाक्य ब्रिटनमध्ये मी गेली पंधरा वर्षे प्रत्येक निवडणुकीत ऐकत आलो आहे, आणि दर वेळी मला ते अर्धेच खरे वाटते. येथे बाहेरून आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक रीतसर अर्ज करून, शुल्क भरून, विमानाने आले आहेत. त्यांचा व्हिसा याच सरकारच्या गृहखात्याने मंजूर केलेला आहे.

२०१० मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी निव्वळ स्थलांतर, म्हणजे येणाऱ्यांतून जाणारे वजा केल्यावर उरणारा आकडा, वर्षाला एक लाखाच्या खाली आणण्याचे वचन दिले. युरोपीय संघातील नागरिकांना तेव्हा मुक्त प्रवेश होता आणि देश सोडून किती जण जातील हे कोणत्याही सरकारच्या हातात नसते, त्यामुळे हे वचन पाळता येण्यासारखे नव्हतेच. मग जिथे हात पोहोचत होता तिथे कात्री चालली. तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी २०१२ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची सवलत बंद केली आणि भारतीय विद्यार्थ्यांची संख्या पुढची काही वर्षे घटत गेली. तरीही २०१५ मध्ये निव्वळ आकडा तीन लाखांच्या वर होता. शिवाय हे आकडे विमानतळांवर आणि बंदरांवर मोजक्या प्रवाशांना प्रश्न विचारून काढले जात होते. पुढे ब्रेक्झिटच्या वेळी येथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांची नोंदणी झाली तेव्हा तीसेक लाखांचा अंदाज असताना पन्नास लाखांहून अधिक लोकांना निवासाचा हक्क द्यावा लागला. देशात किती माणसे आहेत हेच ज्यांना ठाऊक नव्हते, ते संख्येचे वचन देत होते.

युरोपीय संघात राहायचे की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमतात (ब्रेक्झिट) राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून आम्हा भारतीयांनाही मत होते. युरोपीय लोकांचा मुक्त प्रवेश थांबला की आपल्याकडच्यांना दारे उघडतील, असा प्रचार आमच्यात उघडपणे झाला, आणि माझ्या ओळखीच्या कित्येकांनी त्यावर विश्वास ठेवून मत दिले. त्याच वेळी पोर्तुगीज पासपोर्टवर, म्हणजे युरोपीय नागरिक म्हणून, इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात स्थिरावलेली गोव्याची कुटुंबे धास्तावली होती. एकाच किनारपट्टीची माणसे, पण हातातल्या पासपोर्टाप्रमाणे एकाची आशा ती दुसऱ्याची भीती झाली होती.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. २०२१ पासून मुक्त प्रवेश संपला आणि कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा जवळजवळ पूर्ण अधिकार ब्रिटिश सरकारकडे आला. हा अधिकार हाती असतानाच आकडा कधी नव्हे इतका वाढला. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षभरात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या पुढे गेले, असे सांख्यिकी कार्यालयाने नंतर सुधारित आकड्यांत सांगितले. यात युक्रेन आणि हाँगकाँगमधून आलेले लोकही होते, आणि त्यांना घेणे योग्यच होते. पण उरलेला मोठा भाग सरकारच्या स्वतःच्या सोयीतून आलेला होता. स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठवलेले असल्याने विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर तग धरून होती, म्हणून कामाची ती जुनी सवलत २०२१ मध्ये परत आली. वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना चांगला पगार द्यायचा तर स्थानिक परिषदांना जास्त पैसा द्यावा लागला असता. त्याऐवजी फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कामासाठी परदेशी व्हिसा खुला झाला. देखरेख इतकी ढिली होती की, सीमा व स्थलांतर कारभाराचे तेव्हाचे स्वतंत्र निरीक्षक डेव्हिड नील यांच्या अहवालानुसार, अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला गृहखात्याने परदेशी कामगार बोलावण्यासाठी लागणारी २७५ प्रायोजकत्व प्रमाणपत्रे दिली होती.

या काळात सभागृहात आणि वाहिन्यांवर सगळी चर्चा फ्रान्सकडून लहान बोटींतून विनापरवाना खाडी ओलांडून येणाऱ्यांवर चालली होती. २०२२ मध्ये बोटींतून सुमारे ४६ हजार लोक आले. ती गंभीर बाब आहे हे मी नाकारत नाही. पण अशा लोकांना आफ्रिकेतील रवांडा देशात पाठवण्याच्या योजनेवर कोट्यवधी पौंड खर्च झाले, एकालाही तिकडे सक्तीने पाठवता आले नाही, आणि व्हिसावर आलेल्या लाखोंच्या हिशेबाबद्दल तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षाला कोणी नीट जाब विचारला नाही.

मग उलटी लाट आली. मार्च २०२४ पासून देखभालीच्या कामावर येणाऱ्यांना कुटुंब आणण्याची बंदी झाली, जुलै २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने त्या कामासाठी परदेशातून भरतीच थांबवली, आणि कायम निवासाची मुदत पाचावरून दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव श्वेतपत्रिकेत आला. आकडा आता झपाट्याने उतरला आहे. म्हणजे नियंत्रण शक्य होते. ते आधी केले गेले नाही, इतकेच.

किती लोकांना घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आणि वचन देऊन वारंवार फसवल्या गेलेल्या ब्रिटिश मतदाराचा राग मला समजतो. त्याला दरवर्षी संसदेत स्पष्ट सांगितले जावे की इतके व्हिसा देणार, या कामांसाठी देणार, आणि नाही दिले तर इतका कर वाढेल. मात्र नवा नियम नव्याने येणाऱ्यांना लावावा. सांगली जिल्ह्यातून आलेली, आमच्या परिचयातील एक मुलगी दलालाला कर्ज काढून पैसे देऊन येथे आली. तिच्या मालकाचा परदेशी कामगार ठेवण्याचा परवाना रद्द झाला, तेव्हा दुसरा प्रायोजक शोधायला तिच्या हाती साठ दिवस होते. तो तिला मिळाला. आज ती रात्रपाळीत दोन आजींची शुश्रूषा करते. तिने अर्ज भरला तेव्हा सरकारी नियमांत कायम निवासासाठी पाच वर्षे लिहिलेली होती, आणि तिचे तिसरे वर्ष संपत आले आहे.