चंद्रपूरचे ४६ आणि खारघरचे ३८

उष्माघातावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: चंद्रपुरात ४५-४६ अंश आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. आजोबा डोक्याला दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा घेऊन शेतावर जायचे. ३८ अंशांत माणसं दगावली म्हणून हवामानबदलाच्या नावानं ओरडणं हा मुंबईकरांचा नाजूकपणा आहे. जगात थंडीनेच जास्त माणसं मरतात, आणि प्राणी-पक्षी काय, घेतात जुळवून.

आधी खारघर. १६ एप्रिल २०२३ च्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात १४ माणसं गेली, ती हवामानबदलामुळे गेली असं मी लेखात म्हटलेलं नाही. लाखोंच्या गर्दीला भर उन्हात उघड्या मैदानावर तासन् तास बसवलं, हे त्याचं सरळ कारण. मुद्दा एवढाच होता की ३८ अंशांतही माणूस मरतो, आणि तो का मरतो हे चंद्रपूरकराला कुणी शिकवायला नको. तुमच्याकडे वाळ्याचा कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर नवी मुंबईत लावून बघा, अंथरूण ओलं होईल आणि घाम वाहतच राहील. आपली कातडी म्हणजे तो कूलरच. घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. विदर्भातली मे महिन्यातली कोरडी हवा तो झटकन सुकवते, खाडीकाठची हवा सुकू देत नाही.

म्हणून तज्ज्ञ साध्या तापमापकावर थांबत नाहीत, फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडाही बघतात. तो ३५ च्या वर गेला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूससुद्धा काही तासांपलीकडे टिकणार नाही, असं गणित आहे. प्रयोगशाळेत तरुण, निरोगी माणसांवर चाचण्या घेतल्या तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच त्यांच्या शरीराचं तापमान आवरेनासं झालं. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. हवामानबदलाचा संबंध इथे येतो.

आजोबांचं म्हणाल तर ते शहाणेच होते. पहाटे कामाला जाणं, दुपारी घरात थांबणं, मातीच्या भिंती, कौलं, रात्री अंगणात बाज, आणि वर्षानुवर्षं उन्हाला सरावलेलं अंग. (कांद्याबद्दल मी गप्प बसतो. पाण्याचा तांब्या मात्र सोबत असणारच.) पण या सगळ्याचा आधार होता थंड पडणारी रात्र. दिवसभर त्वचेकडे रक्त ढकलून दमलेलं हृदय रात्री सावरतं. जून २०२४ मध्ये दिल्लीत एका रात्री पारा ३५.२ च्या खाली उतरला नाही. त्यात काँक्रीटचाही वाटा आहे, मान्य. पण पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याला वाटे कसे पाडले याच्याशी काय घेणं-देणं?

थंडीचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, तो टाळणार नाही. २००० ते २०१९ या काळाच्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात शरीराला न मानवणाऱ्या थंड किंवा उष्ण तापमानाशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे ५० लाख निघाले, आणि त्यातले दहात नऊ थंडीकडचे. मात्र ही थंडी म्हणजे बर्फात गोठणं नव्हे, त्यात साधा गारठाही मोजलेला आहे. त्याच अभ्यासात थंडीचा वाटा घटताना आणि उष्णतेचा वाढताना दिसतो. शिवाय उन्हाचा घाव एकदम बसतो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ ला गेला. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू नोंदले गेले, एरवीच्या हिशेबानं ३,११८ अपेक्षित होते. अशा मृत्यूंच्या दाखल्यावर बहुतेकदा 'हृदयविकार' येतो, 'ऊन' येत नाही.

आणि सगळे लगेच मरतातच असं नाही. निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये ऊसतोडणी करणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. ना मधुमेह, ना रक्तदाब. भर उन्हातलं अंगमोड काम आणि अपुरं पाणी हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. सावली, विश्रांती आणि पाणी यांची वेळापत्रकात सोय केल्यावर तिथे फरक पडला. बीडहून निघालेली ऊसतोड कोयती, म्हणजे मजुरांची जोडपी, मार्च-एप्रिलपर्यंत फडातच असते, हे वेगळं सांगायला नको.

आता 'जुळवून घेतात'. तुमच्या गावातल्या कुणाही दूधवाल्याला विचारा. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती डबक्यात डुंबते. डबकं आटलं की दूध घटतं. उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे म्हैस माजावर आलेली कळतच नाही आणि पुढचं वेत लांबतं. संकरित गाई तर वारंवार उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत. ही सांभाळलेली जनावरं झाली. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये ४२ अंशांवरच्या दोनच दिवसांत एका जातीची सुमारे २३,००० वटवाघळं झाडांवरून टपटप पडली, म्हणजे त्या देशातल्या त्या जातीचा जवळपास तिसरा हिस्सा. कासवांत तर वाळूच्या उष्णतेवर नर की मादी हे ठरतं. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या तापलेल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या कमी वयाच्या हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या आढळल्या. आपल्या कोकणात वेळासला, जिथे कासवांची अंडी जपतात, तिथे अंड्यांवर सावली धरता येते, अख्ख्या समुद्रकिनाऱ्यावर कोण धरणार? जुळवून घ्यायला पिढ्या लागतात आणि कासवाची एक पिढीच काही दशकांची.

शेवटी तुम्ही विचारलंय, "घाबरवण्यापलीकडे उपाय काय?" अहमदाबादेनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आदल्या दिवशी इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, पुढे गरीब वस्त्यांत छपरांना पांढरा रंग. त्याआधीच तिथल्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूती विभाग सगळ्यात वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर होता, तो खाली आणला. त्यानंतर उष्णतेमुळे दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बाळांची संख्या घटली.