कागदावरची बागायत

मी पाहिलेला सर्वांत भरघोस भाजीमळा चौकटींच्या वहीत आहे. तिथे मावा पडत नाही, गोगलगायी फिरकत नाहीत आणि शेजारच्या तुकड्यातलं तण बांध ओलांडत नाही. भाड्याने घेतलेली इवलीशी जमीन वहीत जहागिरीएवढी दिसते. हंगाम संपून वाफे रिकामे झाले की मी पेन्सिल, खोडरबर आणि बियाण्यांचा डबा घेऊन बसतो. घरातली माणसं तेवढ्यात दुसऱ्या खोलीत काम काढतात.

पहिली कटकट फेरपालटीची. नियम साधा आहे: एका कुळातलं पीक त्याच वाफ्यात लागोपाठ घ्यायचं नाही, मध्ये तीन-चार वर्षं जाऊ द्यायची. नाहीतर रोग आणि किडी तिथेच बिऱ्हाड थाटतात. कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा रोग तर १५-२० वर्षं मातीत दबा धरून बसू शकतो. म्हणून चार वाफे, चार कुळं आणि दर वर्षी प्रत्येकाने एक घर पुढे सरकायचं. पण आमच्या घरी खातात काय? टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा. हे चौघे सख्खे भाऊबंद! एकाने सोडलेल्या जागी दुसऱ्याला बसवायची सोय नाही. उरलेल्या तीन वाफ्यांत कांदा-लसूण, घेवडा-वाटाणा आणि कोबी-मुळा. म्हणजे ज्यांच्यावर रोजचा स्वयंपाक चालतो त्या चौघांना मिळून पाव जमीन, आणि पानात पडला की सगळ्यांची भूक मरते त्या कोबीलाही जवळजवळ तेवढीच. घेवड्याबद्दल मात्र तक्रार नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. आणि मग पुढच्या वर्षी त्या कसदार जागेवर येतो कोण? कोबीच. त्याला नत्र भरपूर लागतो म्हणे.

मग डबा उघडायचा. कांद्याचं बी वर्षा-दोन वर्षांत उगवायचं सोडतं, टोमॅटोचं कोरड्या जागी चार-पाच वर्षं टिकतं. हे सगळं पाकिटांवर साल लिहिलेलं असेल तर कामाचं. यंदा तळाशी रबर लावलेली एक पुडी निघाली. तिच्यावर घरातल्याच कुणाच्या तरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘खूप चांगलं. हेच लावणे.’ आत बारीक, काळसर, गोल दाणे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी... बी पाहून यांतलं कोणतं ते सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. चौकशी केली, पण ते अक्षर कुणाचंच नाही.

सगळ्यात जास्त पेन्सिल झिजते ती टप्प्याटप्प्याच्या पेरणीत. मुळा एकदम काढायला येऊ नये म्हणून दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरायची, असा शिरस्ता. तारखा घालतो, खाली रेघ मारतो, मन भरून येतं. पण मुळा तारखा वाचत नाही. पहिली ओळ गार मातीत आळस देत पडून राहते, शेवटची उबदार मातीत पडते आणि धावत सुटते. शेवटी सगळ्या जणी हातात हात घालून एकाच आठवड्यात हजर. चार दिवस दुर्लक्ष झालं की मुळ्यात जाळी धरते, म्हणून तेवढे दिवस घरात सकाळ-संध्याकाळ मुळा. त्या काळात पाहुणेही फोन करूनच येतात, आणि बहुधा येत नाहीत.

फळझाडाचं तर बोलायलाच नको. वहीत ते अंगठ्याएवढं वर्तुळ असतं. भाजीला रोज निदान सहा तास ऊन लागतं, आणि त्या वर्तुळाची सावली दोन-चार वर्षांनी नेमकी टोमॅटोवर जाणार हे वहीत दिसत नाही. भाजी चुकली तर उपटता येते. फळं धरायला लागलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायला वेगळं काळीज लागतं.

एवढं सगळं बसवून, रंगीत पेन्सिलींनी कुळं रंगवून वही बायकोपुढे ठेवली. तिने ती आडवी धरली, उभी धरली.

“छान आहे. पण पाय कुठे ठेवायचा?”

कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तसूभर जागा मोकळी नव्हती. वाफ्यात पाय पडला की माती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो, तेव्हा वाट हवीच. शिवाय पाण्याची झारी घेऊन जायचं तर ती दीड फुटाची तरी हवी. मी तिथल्या तिथे पट्टी लावली आणि वाट काढली, सरळ कोबीच्या वाफ्यातून.

“वा!” ती म्हणाली. “आणखी थोडी रुंद कर.”