मामा, फायबर काढू नका

देवरुखहून मामांचा फोन. "फायबरवाल्याला पुढच्या महिन्यापासून नको म्हणून सांगू का रे?" कारण काय, तर एक फॉरवर्ड: 'वायरचा जमाना संपला! स्टारलिंकची डिश घरात कुठेही ठेवा. वीज जावो, पाऊस पडो, नेट चालूच. फायबरपेक्षा वेगवान. आजच ५०० रुपये भरून नंबर लावा.' स्टारलिंक म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर इंटरनेट देणारी सेवा. हाच मजकूर मला तीन ग्रुपवर आला होता, तेव्हा सोडून दिला. आता नाही सोडवत.

'घरात कुठेही ठेवा.' अहो, टीव्हीची छत्री एकदा रोखली की काम झालं, कारण तिचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर आपल्याला कायम एकाच जागी दिसतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून पळत असतात. एक डोक्यावरून गेला की डिश दुसरा धरते, मग तिसरा. त्यासाठी तिला आभाळाचा भलामोठा मोकळा तुकडा लागतो. मध्ये फांदी आली की जोडणी तुटते, बोलता बोलता नातवाचा चेहरा पडद्यावर गोठतो. मामांच्या अंगणात दोन हापूस, एक फणस आणि माडांची रांग. कौलांखाली कपाटावर ठेवलेली ती डिश म्हणजे नुसतं महागडं ताट.

'वीज जावो.' मग डिश कशावर चालणार, समईवर? तिला ७५ ते १०० वॉट लागतात, म्हणजे एका पंख्याइतके, आणि तेही सतत. फायबरचा डबा दहा-पंधरा वॉटवर भागवतो, राउटरच्या छोट्या यूपीएसवरही तग धरतो.

पावसाचं काय सांगायचं? कोकणात जुलैमध्ये टीव्हीच्या छत्रीवर मालिका पाहताना चित्र गेलेल्या माणसाला तरी हे पटू नये.

वेगाच्या दाव्यात अर्धं खरं आहे, तेवढं देतो. फायबरच्या काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, अंतराळात ३ लाख. खंड ओलांडायचा असेल तर उपग्रहाला त्याचा फायदा होऊ शकतो. पण देवरुखहून मुंबईला जाण्यासाठी आधी ५५० किलोमीटर वर कशाला? आणि वर गेलेला सिग्नल खाली उतरतो तो शेवटी फायबरच्याच तोंडात.

'वायरचा जमाना संपला' यावर खरं तर एकच गोष्ट पुरे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनीच सांगितलं की स्टारलिंकला भारतात २० लाखच ग्राहक घेता येतील, वेग २०० एमबीपीएसपर्यंत. अख्ख्या देशात २० लाख! वायरने ब्रॉडबँड घेणारे चार कोटींच्या वर आहेत. कुठला जमाना संपला?

सगळ्यात वाईट ते ५०० रुपये. २०२१ मध्ये खुद्द कंपनीनेच परवान्याआधी बुकिंग घेतलं होतं. सरकारने लोकांना जाहीरपणे सावध केलं, पैसे परत करावे लागले, आणि परवाना मिळायला जून २०२५ उजाडला. इथे तर फॉरवर्डमधली पैसे भरायची लिंक कोणाची तेही धड दिसत नाही.

उपग्रह निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे झाडं आणि खांब आडवे झाले, तेव्हा जनरेटरवर अशी एक डिश असती तर मोठा आधार झाला असता. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार अशी नावं आहेत. तिथे ठीक. मामांच्या दारात फायबर आलेलं आहे.

एवढं सगळं ऐकून मामा म्हणाले, "पण डिश घ्यायचीच झाली तर?"

"तर अंगणातला हापूस तोडावा लागेल."

"ठेव फोन," म्हणाले.